कॅमेरा कुणाच्या हाती?

'आवाज' या शब्दाची किंमत आपल्या समाजाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पुण्याच्या 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुसऱ्याच्या छापखान्यात आपले दुःख छापले जात नाही. छापलेच तर त्याच्या शब्दांत छापले जाते. म्हणून कागद आपला हवा आणि लेखणीही आपली हवी, हा धडा आपण तेव्हाच गिरवला. आज कागदाच्या जोडीला कॅमेरा आला आहे. मजुरी करणाऱ्याच्या खिशातसुद्धा कॅमेऱ्याचा मोबाईल असतो. मग प्रश्न असा, की आपल्याच वस्तीत जे अपंग भाऊबहीण राहतात त्यांच्या हातात हा कॅमेरा आहे काय? की तो फक्त त्यांच्याकडे रोखलेला आहे?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही. हडपसरच्या आमच्या वस्तीत आम्ही सात-आठ जणांनी गेल्या वर्षी मोबाईलवर एक छोटी फिल्म केली. म्हणजे खरे तर आम्ही केली नाही, वस्तीतल्या चार अपंग माणसांनी ती केली. आम्ही स्टॅण्ड धरला, चहा आणला आणि हिशेब लिहिला. त्या कामातून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवावे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडी आकडेवारी. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. आपल्या महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांच्या वर होती. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के आणि अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के निघाले. फरक थोडा दिसतो, पण तो का पडतो हे कळायला आपल्या गल्लीतून एक फेरी मारली तरी पुरे. कुणाचा पोलिओचा डोस चुकलेला असतो, कुणाच्या तापावर वेळेत औषधपाणी झालेले नसते, तर कुणाची बोटे पॉवर प्रेसखाली गेलेली असतात. गरिबी आणि अपंगत्व एकमेकांचा हात धरून येतात.

कायदा आहे. १९९५ साली पहिला झाला. २०१६ साली नवा आला. त्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि सरकारी नोकरीतले आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि सरकारी कागदावर तोच रूढ झाला. यावर आमच्या फिल्ममधल्या एका ताईंनी जे म्हटले ते आम्ही विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, "नाव बदललं, पण पायऱ्या तेवढ्याच आहेत."

आता सिनेमाकडे वळू. मोठ्या पडद्यावर अपंग माणूस फार करून दोनच कामांसाठी येत आला आहे, रडवायला किंवा हसवायला. अपवाद झाले, आणि त्यातले काही आपल्या पुण्याशी जोडलेले आहेत. सई परांजपे यांचा 'स्पर्श' १९८० सालचा. त्यात अंध मुलांच्या शाळेचे चित्रण आहे आणि मुले खरोखरीची अंध विद्यार्थी आहेत. २०१४ साली 'यलो' हा मराठी चित्रपट आला. त्यात डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली. याउलट २०२४ साली आलेल्या 'चंदू चॅम्पियन'ची गोष्ट मुरलीकांत पेटकर यांची. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या आणि १९७२ साली पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या या मराठी माणसाची भूमिका एका धडधाकट नटाने केली. नटाने मेहनत घेतली असेल, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण कुणाची कथा कोण सांगतो, हा प्रश्न उरतोच.

हाच प्रश्न ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हाताळला. निपुण मल्होत्रा यांनी एका हिंदी चित्रपटातील अपंगांच्या चित्रणाविरुद्ध दाद मागितली होती. न्यायालयाने त्या निकालात अपंगांना हिणवणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद यांत फरक केला. हिणवणारे शब्द टाळावेत, आणि अपंगांविषयी काही करायचे तर ते त्यांना सोबत घेऊन करावे, असे सांगितले. हा निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी वाचण्यासारखा आहे.

पण सोबत घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? याची उदाहरणे आहेत. कॅनडात फोगो नावाचे मच्छीमारांचे बेट आहे. तिथल्या लोकांना गावे सोडून दुसरीकडे जावे लागेल अशी वेळ आली होती. १९६७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म मंडळाचे कॉलिन लो तिथे गेले आणि लोकांच्या मुलाखतींच्या छोट्या छोट्या फिल्म तयार केल्या. त्यांची पद्धत साधी होती. ज्याची फिल्म, त्याला ती आधी दाखवायची. त्याला नको असेल तो भाग काढायचा. मग ती बेटावरच्या दुसऱ्या गावांत आणि शेवटी सरकारपुढे दाखवायची. एकमेकांना पडद्यावर पाहून गावे एकत्र आली आणि मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली.

आपल्या देशात १९८४ साली अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेने आपल्या सभासद बायकांना व्हिडिओ कॅमेरा शिकवला. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. कॅमेऱ्याची बटणे त्यांनी अक्षराविना पाठ केली. आणि आपल्या शेजारच्या गोव्यातून 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स' या संस्थेने २०१० पासून देशभरातल्या गरीब वस्त्यांतले वार्ताहर उभे केले. पुणे जिल्ह्यातल्या वाल्हे गावातही त्यांच्या एक महिला वार्ताहर होत्या. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाच्या नावाने या संस्थेने एक मोहीम चालवली आणि अस्पृश्यता अजून कशी पाळली जाते ते त्या त्या गावच्या माणसांनीच चित्रित केले. या वार्ताहरांना प्रत्येक व्हिडिओमागे मोबदला दिला जाई. ही गोष्ट आम्ही मनाशी पक्की केली. गरिबाला फुकट बोलायला लावणे हीसुद्धा वेठबिगारीच आहे.

अपंगांच्या बाबतीतही वाट पडू लागली आहे. मुंबईत 'इंडिया सायनिंग हँड्स'ने खुणांच्या भाषेत बातम्या सुरू केल्या, त्या सांगणारे निवेदक स्वतः कर्णबधिर आहेत. आमच्यापासून बसने तासा-दीड तासावर, लॉ कॉलेज रस्त्यावर, फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत ती सुरू झाली. २०१७ पासून या संस्थेने भिंतीबाहेर छोटे अभ्यासक्रम घ्यायला सुरुवात केली, आणि पुढे चाकाच्या खुर्चीवरच्या लोकांसाठी अभिनयाचा, तर स्वमग्न मुलामुलींसाठी मोबाईलवर फिल्म करण्याचा वर्गही घेतला. मोबाईलवरची फिल्म ही काही पोरखेळाची गोष्ट नाही, हे त्यावरून आम्हांला कळले.

तेवढ्या भांडवलावर आम्ही सुरुवात केली. आमच्यात कुणी हमाली करणारे, कुणी कंपनीत, कुणी घरकाम करणाऱ्या, आणि आम्ही स्वतः कारकून. खर्चाची वही आमच्याकडे. वर्गणी काढली, एक स्टॅण्ड आणि कॉलरला लावायचा माइक घेतला. मोबाईल ज्याचे त्याचे.

ज्या ताईंचा वर उल्लेख आला, त्यांना लहानपणी पोलिओ झाला. घरी शिलाई मशीनवर ब्लाऊज आणि फॉल-पिकोचे काम करतात. पहिल्या दिवशी मोबाईल त्यांच्यासमोर धरला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जो येतो तो आधी माझ्या पायाचा फोटो काढतो. मला काय दिसतं ते कुणी काढत नाही." आम्ही मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी मशीनवर बसल्या बसल्या दारातून दिसणारी गल्ली टिपली. त्या चित्रात माणसांची तोंडे नाहीत. पिशव्या आहेत, कमरेला बांधलेल्या ओढण्या आहेत, पोरांची दप्तरे आहेत, कुणी वाकून बोलले तरच चेहरा दिसतो. त्यांना आम्ही बुडालेल्या कामाची रोजची मजुरी दिली. दोन दिवस त्यांनी ती घेतली नाही. हिशेबाची वही दाखवली तेव्हा घेतली.

दुसरे एक दादा अंध आहेत. "मी काय शूटिंग करणार?" म्हणून ते हसले. मग तेच म्हणाले, "मला गाडीतळावर न्या." सकाळच्या वेळी हडपसरचा गाडीतळ म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. सोलापूर रस्त्याची वाहतूक, सहा आसनी रिक्षावाल्यांच्या आरोळ्या, एकामागून एक लागणाऱ्या बसगाड्या. दादांनी मोबाईल छातीशी धरला आणि उभे राहिले. चित्र तिरके आले, आम्ही ते तसेच ठेवले. आवाज मात्र सगळे सांगतो. बस येते, ब्रेक लागतो, दार उघडते, दादा विचारतात, "कितवी गाडी?" उत्तर येईपर्यंत दार बंद होते. असे चार वेळा. पाचव्या वेळी एक शाळकरी मुलगी गाडीचा नंबर मोठ्याने वाचते. ही अडीच मिनिटे पाहताना आमच्या वस्तीतल्या ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी माना खाली घातल्या.

तिसरे एक काका. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे प्रेसवर गेली. आपल्याकडे अशी माणसे स्वतःला अपंग म्हणवून घेत नाहीत. 'अॅक्सिडेंट झाला' एवढेच म्हणतात. काका कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलले, अगदी कंपनीच्या नावासकट. फिल्म जोडून झाल्यावर ठरल्याप्रमाणे त्यांना आधी दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "नाव काढा. पोरगा तिथंच लागलाय." आमच्यातल्या काही तरुणांना हे पटले नाही. सत्य कशाला झाकायचे, असे ते म्हणाले. पण ज्याच्या जिवावर बेतते त्याचाच निर्णय शेवटचा, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवला होता. नाव काढले. आता त्या जागी काका नुसताच हात वर करून दाखवतात. आमच्या मते तेवढे पुरे आहे.

चौथा एक कर्णबधिर तरुण, आयटीआय झालेला. फिल्म जोडण्याचे काम त्यानेच केले आणि आमच्यापेक्षा चांगले केले, कारण तो माणसांच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे बघतो. आम्ही फिल्मचे नाव 'आम्हांला आवाज द्या' असे काहीतरी ठेवणार होतो. त्याने कागदावर लिहिले : "मला आवाज नको. माझ्याकडे बघा." आम्ही आवाज आवाज करत होतो, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तो शब्दच अपुरा होता. त्याच्या सांगण्यावरून सगळ्या फिल्मला खाली मराठी अक्षरे घातली, आणि दादांसाठी चित्रात काय चालले आहे ते सांगणारा ताईंचा आवाज भरला. चित्रपटगृहांनीही अशा सोयी कराव्यात, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढली आहेत. आमच्या साडेअकरा मिनिटांच्या फिल्ममध्ये त्या दोन्ही सोयी होत्या, आणि त्यांना खर्च आला तो फक्त तीन रात्रींच्या झोपेचा.

आता ज्यावरून वाद झाला त्या भागाकडे येतो. आमच्या समाजमंदिराला पाच पायऱ्या आहेत. एका सभेच्या संध्याकाळी ताईंनी बाहेर रस्त्यावर, चपलांच्या शेजारी बसून मोबाईल चालू ठेवला. आत माइकवर समतेवर भाषण चालू आहे, टाळ्या पडत आहेत, आणि चित्रात आहेत त्या पाच पायऱ्या आणि चपलांचा ढीग. ताई काही बोलत नाहीत. भाषण संपते, माणसे उतरतात, चपला घालतात आणि निघून जातात.

कमिटीतल्या काही ज्येष्ठांनी हा भाग वगळायला सांगितले. आपली बदनामी आपणच का करायची, बाहेरच्यांच्या हाती कोलीत का द्यायचे, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्याही बाजूने बोलले पाहिजे. एकेक रुपया जमवून ज्यांनी त्या भिंती उभ्या केल्या, त्यांना ते चित्र टोचणारच. पण ताईंचे उत्तर एका वाक्याचे होते : "मला आत घ्या, मग तो भाग मीच काढते."

कुणी तोडगा काढला, की चार पोरे ताईंना खुर्चीसकट उचलून आत नेतील, रॅम्पचा खर्च कशाला? एका वडीलधाऱ्यांनी सावित्रीमाईंचा दाखला दिला. १८९७ च्या प्लेगात माईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन याच हडपसरच्या माळावर, डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात पोचवले आणि त्याच साथीत १० मार्चला स्वतःचा प्राण ठेवला. ही आमच्या मातीची पुण्याई आहे. ताईंनी ते हात जोडून ऐकले. मग म्हणाल्या, "ते लेकरू तापानं फणफणलेलं होतं. मी आजारी नाही. आणि उचलून नेलेल्या माणसाला परत कधी निघायचं ते स्वतः ठरवता येत नाही."

यावर कुणाला काही बोलता आले नाही. फिल्म तशीच्या तशी दाखवायचे ठरले, आणि समाजमंदिरात न दाखवता रस्त्यावर पांढरी चादर बांधून दाखवायची, म्हणजे पायरीच नको. दीडशेच्या वर माणसे आली. चौघेही पुढच्या रांगेत होते आणि प्रश्नांना त्यांनीच उत्तरे दिली. आम्ही मागे उभे होतो.

फिल्ममुळे सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. रॅम्प अजून झालेला नाही. हिशेब असा. पाच पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे उंची अडीच फूट. नियमाप्रमाणे १ फूट उंचीला १२ फूट लांबी लागते, म्हणजे ३० फुटांचा उतार हवा. दारापुढे जागा आहे १४ फूट. तेवढ्यात केला तर तो मोटारसायकल चढवायला होईल, माणसाला नाही. म्हणून तो भिंतीला धरून वळवावा लागेल, आणि त्यासाठी फलकाचा चबुतरा हलवावा लागेल. यावर कमिटीत दोन मते आहेत. दरम्यान, महापालिकांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा हा शासनाचा नियम आहे, त्याचा आधार घेऊन आम्ही अर्ज केला आहे. अर्जासोबत फिल्मची प्रत जोडली. अर्जावर सह्या त्या चौघांच्या आहेत.

एक बदल मात्र झाला. कमिटीच्या बैठका आता रस्त्यालगतच्या ओट्यावर होतात आणि ताई त्यांना हजर असतात. चबुतऱ्याच्या प्रश्नावर त्यांचे मत आमच्यापेक्षा वेगळे आहे. चबुतरा हलवू नका, मागच्या बाजूची भिंत पाडून दार तिकडे काढा, असे त्या म्हणतात. गवंड्याला विचारले, तर तो म्हणाला, त्यांचेच स्वस्त पडेल.

वाचक बंधू-भगिनींनो, हे काम करायला संस्था लागत नाही, अनुदान लागत नाही. एक मोबाईल लागतो आणि तो दुसऱ्याच्या हातात देण्याची तयारी लागते. आमच्या वहीतले नियम इथे देतो, हवे तर उतरून घ्या. कॅमेरा अपंग व्यक्तीच्या हातात, नाहीतर तिच्या नजरेच्या उंचीवर. काय दाखवायचे ते तिने ठरवायचे. दुसऱ्या कुणाच्या आधी तिला दाखवायचे, आणि ती काढ म्हणेल ते काढायचे. रडके संगीत घालायचे नाही. खाली अक्षरे, आणि चित्राचे वर्णन करणारा आवाज. बुडालेल्या कामाचा मोबदला, वहीत नोंद करून.

घरात मतिमंद मूल असेल, भिंतीकडे तोंड करून पडलेली आजी असेल, अपघातानंतर घराबाहेर न पडलेला भाऊ असेल, तर त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांनी काढलेले चित्र हलले तरी चालेल. ते पाहायला मात्र घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा.

३ डिसेंबरला जागतिक अपंग दिन असतो. १९९२ पासून तो पाळला जातो, आणि बहुतेक ठिकाणी त्या दिवशी खुर्च्यावाटप होते, फोटो निघतात. यंदा त्या दिवशी आपल्या वस्तीत एक चादर बांधा आणि तिथल्याच माणसांनी केलेली फिल्म दाखवा. खर्चाची काळजी वाटत असेल, तर जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डीजेला किती पैसे मोजले, ती पावती काढून पाहा. आमच्या वहीतला फिल्मचा सगळा खर्च, चौघांची मजुरी धरून, त्याच्या पाव हिश्श्यातही भागला.